मतलई
मतलई : कोकण किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मंद, कोरडा वारा. दिवसा उलट दिशेने येणारा तो खारा वारा. ही जोडी शालेय भूगोलामुळे सर्वपरिचित आहे. येथे मुख्यतः हिवाळी मतलईचा विचार केला आहे.

शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. अरबी ‘मत्लअ’ (उगवण्याचे ठिकाण) याच्याशी तिचा संबंध असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अरब नाविक क्षितिजाचे ३२ भाग करून ते ताऱ्यांच्या उदयास्तांवरून ओळखत. पूर्वार्धातील दिशा ‘मत्लअ’च्या, तर पश्चिमार्धातील ‘मगीब’च्या (मावळण्याचे ठिकाण). पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील अहमद इब्न माजिद या नाविकाच्या लेखनात ही पद्धत पूर्ण विकसित रूपात आढळते. गझलेचा ‘मतला’ (पहिला शेर) हाही मुळात हाच शब्द, आणि सुकाणू, खलाशी, बंदर हे शब्द अरबी-फार्सीतूनच किनाऱ्यावर उतरले. अडचण दोन ठिकाणी येते. अरबीत पूर्वेच्या वाऱ्याला ‘सबा’ हे वेगळे नाव आहे. शिवाय ‘मगीब’वरून खाऱ्या वाऱ्याचे नाव मराठीत घडलेले नाही. मात्र ‘तळ’सारख्या देशी शब्दाशी मतलईला जोडू गेल्यास आरंभीच्या ‘म’चा उलगडा होत नाही. शब्द मराठीत केव्हा रुळला हे निश्चित सांगणे कठीण. अरब व्यापाराच्या भराच्या काळात, म्हणजे पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी, तो आला असण्याचा संभव आहे.

निरभ्र रात्री जमीन उष्णता झपाट्याने गमावते, तर समुद्राचा पृष्ठभाग जानेवारीतही साधारण २५ ते २८° से. राहतो. किनाऱ्यावरची गार, जड हवा समुद्राकडे सरकते. कोकणात तिला सह्याद्रीच्या उतारावरून घरंगळणाऱ्या हवेची जोड मिळते; म्हणून खाडीच्या मुखाशी मतलई अधिक जोरकस, तर उंच कड्याखाली क्षीण असते. तिचा थर खाऱ्या वाऱ्यापेक्षा उथळ असतो. डिसेंबर-जानेवारीत ती मध्यरात्रीनंतर स्थिरावते व सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पडते. मग तासाभराची निवांत शांतता. दुपारी पश्चिमेकडून खारा वारा लागतो आणि दिवस कलेल तसा वायव्येकडे, पुढे उत्तरेकडे वळतो. पूर्वेचे वारे जोरात असले की खारा वारा उशिरा येतो, आणि ऐन थंडीत मुंबईचा पारा दुपारी ३५°च्या आसपास चढतो.

शिडाच्या गलबतांचे उत्तरेकडचे प्रवास या फेऱ्यावर बेतलेले असत. मध्यरात्रीनंतर नांगर उचलायचा. मतलई उजव्या बाजूने घेत तिरपे बाहेर पडायचे. खारा वारा लागताच शीड फिरवून पुन्हा किनाऱ्याकडे यायचे आणि सायंकाळी खाडीत नांगर टाकायचा. पहाटे पुरेसे बाहेर न गेल्यास दुपारचा वारा गलबत खडपावर ढकलतो. फार दूर गेल्यास मतलई मध्येच संपते आणि भरती-ओहोटीच्या ओढीत वल्ह्यांखेरीज उपाय उरत नाही. आजच्या यांत्रिक नौकांना याचे बंधन नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांना मात्र सकाळचे सपाट पाणी अजूनही हवे असते.

लहान बेटाला स्वतःची मतलई नसते. मालवणजवळच्या कुरटे बेटावर (सिंधुदुर्ग किल्ला, पायाभरणी १६६४) काही कुटुंबांची वस्ती आहे. भोवतीच्या पाण्यामुळे तेथील रात्र मुख्य भूमीपेक्षा उबदार असते, आणि जो गारवा येतो तो मालवणच्या बाजूने. पावसाळ्यात बंद पडणारी होड्यांची ये-जा या दिवसांत सुरळीत असते.

किनाऱ्यावर दव गोठत नाही. सांताक्रूझ येथील ७.४° से. (२२ जानेवारी १९६२) हा नीचांकही गोठणबिंदूपासून बराच वर आहे. दमट हवेत दव आधीच पडते आणि वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता पुढची घट रोखते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे कळते, तेव्हा तेथील नोंदलेले तापमान शून्याच्या वर असू शकते. यात विसंगती नाही : तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर पेटीत असतो, आणि गवताचे पाते त्याहून काही अंश थंड असते.

मतलई वाहती असेल तर दव कमी पडते, कारण ती कोरडी असते आणि हवा ढवळत ठेवते. ती पडलेल्या रात्री मात्र दव जड असते. अशा वेळी वलांडीवरचे (मासळी वाळवण्याच्या मांडवावरचे) बोंबील झाकले नाहीत तर पुन्हा ओले होऊन बुरसतात; सकाळी ऊन वर येईपर्यंत मासळी पसरत नाहीत ती यामुळेच. आंब्याच्या मोहोरावर दव आणि ढगाळ हवा एकत्र आल्यास भुरी या बुरशीजन्य रोगाचा धोका वाढतो. थंडी लांबली तर पुन्हा मोहोर फुटून आधी धरलेली कणी (अगदी लहान फळे) गळते.