पाव मिलिमीटरची साक्ष

आजोबांच्या दुनळी रायफलीबद्दल घरात सांगितली जाणारी गोष्ट आणि तिच्या नळ्यांखाली ठोकलेली अक्षरं जुळली नाहीत, तर मी अक्षरांवर विश्वास ठेवेन. गोष्ट दर पिढीला थोडी वाढते. पोलादावरचा ठसा वाढत नाही.

हे ठसे घरात सहसा कोणी पाहिलेलेच नसतात. परवानाधारक कारागिराने पुढचा लाकडी भाग काढला की दोन्ही नळ्या सुट्या होतात आणि खालच्या सपाट बाजूवर बारीक मुकुट, अक्षरं, आकडे दिसतात. (अशी रायफल वारशाने आली तरी परवाना लागतोच, आणि ती उडवून पाहायची नाही.) ब्रिटनमध्ये विक्रीआधी नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवत. नळी टिकली तरच ठसा मिळे. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाची सनद १६३७ची, बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३च्या कायद्याचं. ‘एनपी’ ही अक्षरं मुकुटाखाली असतील तर बर्मिंगहॅम, तलवार धरलेल्या हाताखाली असतील तर लंडन. ही १९०४पासूनची, बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याची खूण. मात्र जुनी नळी पुढे कधीतरी पुन्हा तपासून घेतलेली असू शकते. ठसा चाचणीचा काळ सांगतो, जन्माचा नाही.

माझ्या मते सगळ्यांत बोलकी ओळ वेगळीच असते: ‘कॉर्डाइट ७०-४८०’. म्हणजे ७० ग्रेन कॉर्डाइट, ही बिनधुराची दारू, आणि ४८० ग्रेनची गोळी. एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम. तेव्हा साडेचार ग्रॅम दारू आणि ३१ ग्रॅमची गोळी. ब्रिटिश फौजेने १८७१मध्ये घेतलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळीही ४८० ग्रेनचीच होती. तिच्यामागे ८५ ग्रेन काळी दारू असे आणि वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर. जॉन रिग्बी यांच्या कारखान्याने १८९८मध्ये आणलेली .४५० रायफल (हा आकडा नळीच्या मापाचं नाव, इंचांत) कमी दारूत तेवढ्याच वजनाची गोळी सेकंदाला ६५५ मीटरवर नेत होती. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर धूर आणि काजळी होऊन वाया जातो. कॉर्डाइटचा जवळजवळ सगळा वायू होतो. वेग १.६ पट झाला, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ती अडीच पट झाली.

इथून गोष्ट हिंदुस्थानात येते. याच मापाच्या जुन्या मार्टिनी रायफली इथे पसरलेल्या होत्या. शिकारीसाठी आलेला .४५०चा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडून त्यांत वापरला जाईल, ही सरकारला धास्ती. म्हणून १९०७मध्ये हिंदुस्थान आणि सुदानात या मापावर बंदी आली. कारागिरांनी माप बदललं. होलंड अँड होलंडने .४६५ काढली. गोळीचं वजन तेच, ४८० ग्रेन; गोळीचा व्यास ११.६३ ऐवजी ११.८९ मिलिमीटर. फरक जेमतेम पाव मिलिमीटर! म्हणून इथल्या घरात .४५० निघाली तर ती बहुधा बंदीआधी आलेली; .४६५ निघाली तर १९०७च्या आधीची असूच शकत नाही, मग पणजोबांनी १९००मध्ये तिने वाघ मारल्याचं कितीही ऐकलेलं असो.

नळीवर माप लिहिलेलं नसेल तर कारागीर साचा काढतो. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम यांचा एक मिश्रधातू ७० ते ९० अंशांच्या आसपास, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा कमी उष्णतेत वितळतो. तो काडतुसाच्या घरात आणि नळीच्या तोंडाशी ओततात. थंड होताना तो आधी किंचित आकसतो, त्यामुळे अलगद निघतो. मग हळूहळू फुगत तासाभराने नेमक्या मापावर येतो. त्यावर मायक्रोमीटर लावला की पाव मिलिमीटर लपून राहत नाही.

शेवटी उरतो अनुक्रमांक. लंडनच्या काही जुन्या कारखान्यांनी विक्रीच्या वह्या जपल्या आहेत. त्या आकड्यासमोर रायफल कधी पुरी झाली आणि पहिली कोणाला दिली, हे लिहिलेलं सापडू शकतं. आकडा पुसट असेल तर तो उजळवायला घासू नका. घासताना जाणारं पोलाद त्या आकड्याचंच असतं.