परदेशी स्वयंसेवेच्या अर्जात एवढे प्रश्न कुठून आले?

परदेशात जाऊन बौद्धिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्यांसोबत वर्षभर राहायचं, त्यांच्या रोजच्या कामात मदत करायची असं ठरवलं की आधी हाती येते कागदांची थप्पी. पोलिसांचा दाखला, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं, वैद्यकीय तपासणी आणि मग मुलाखत. तिच्यात प्रश्न असतात ते ‘तो तुमच्या हातून जेवायला तयार नसेल तर काय कराल?’ असले. पगार तर नाहीच, मग एवढी उलटतपासणी कशाला, असं अर्जदाराला वाटणं साहजिक आहे. पण यातली बरीचशी कलमं कुणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेली नाहीत. आधी कुठेतरी चुकलं, माणसं दुखावली गेली, आणि मग ती आली.

स्वयंसेवकांची आंतरराष्ट्रीय शिबिरं तशी १९२०पासूनची. पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात पहिलं श्रमशिबिर भरवलं. (१९३४च्या भूकंपानंतर हेच सेरेसोल बिहारमध्येही येऊन राबले.) तिथे तयारी म्हणजे धडधाकट हात आणि फावडं. दुसऱ्याला अंघोळ घालणं, भरवणं, त्याच्यासोबत राहणं हा विषयच नव्हता.

तो आला दुसऱ्या महायुद्धातून. माझ्या मते या क्षेत्राची खरी सुरुवात १९४०च्या उन्हाळ्यात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाली.

पहिलं ठिकाण स्कॉटलंडमधलं अॅबर्डीन. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ कार्ल कोनिग ज्यू कुळातले. १९३८मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर ते आणि त्यांचे तरुण सहकारी परागंदा झाले. स्कॉटलंडमध्ये त्यांनी अपंग मुलांसाठी घर सुरू केलं. पण ब्रिटिश सरकारच्या लेखी हे निर्वासित म्हणजे शत्रुराष्ट्राचे नागरिक, त्यामुळे पुरुषांना उचलून नजरकैदेत ठेवलं गेलं. १ जून १९४० रोजी कॅम्पहिल नावाच्या नव्या जागेत बिऱ्हाड हलवलं ते मागे राहिलेल्या बायकांनी. या घरात नोकर-मालक नव्हते की ‘कर्मचारी’ आणि ‘रुग्ण’ही नव्हते. सगळ्यांचं टेबल एक आणि पगार कुणालाच नाही. त्यातूनच पुढे उभ्या राहिलेल्या कॅम्पहिलच्या अनेक वसाहतींत आजही परदेशी स्वयंसेवक अपंगांसोबत एकाच घरात राहतो. त्याला खोली, जेवण आणि हातखर्चाला थोडे पैसे मिळतात. दार लावून घरी जायची सोय नसते. म्हणूनच मुलाखतीत तुमच्या पदव्यांपेक्षा तुम्ही चिडल्यावर काय करता याची चौकशी जास्त होते.

दुसरं ठिकाण जर्मनीतलं ब्रांडेनबुर्ग. लोथार क्राइसिग हे तिथले पालकत्वाच्या प्रकरणांचे न्यायाधीश. आपल्या अखत्यारीतल्या मनोरुग्ण आणि अपंग व्यक्ती मरण पावल्याच्या सूचना एकामागून एक येताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. जुलै १९४०मध्ये त्यांनी थेट न्यायमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि पुढे अपंगांना ठार मारणाऱ्या या नाझी मोहिमेच्या प्रमुखाविरुद्ध खुनाची फिर्यादही दिली. बदल्यात त्यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. ऑगस्ट १९४१पर्यंत विषारी वायूच्या कोठड्यांत सुमारे ७०,००० अपंग आणि मनोरुग्ण मारले गेले होते. १९५८मध्ये याच क्राइसिग यांनी जर्मन तरुणांना प्रायश्चित्त म्हणून परदेशी सेवेला पाठवणारी संघटना उभी केली. तिचे स्वयंसेवक आजही छळछावण्यांतून वाचलेल्या वृद्धांसोबत आणि अपंगांसोबत काम करतात. निघण्याआधी त्यांना हा इतिहास शिकावा लागतो, आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

जर्मनीतच १९६१ ते २०११ या काळात सैन्यात जायला नकार देणाऱ्या तरुणांना पर्यायी सेवा करावी लागे. त्यातले कितीतरी अपंगांच्या घरांमध्ये रुजू झाले. सक्तीची सैन्यभरती थांबली तेव्हा ही घरं अडचणीत आली, आणि स्वयंसेवकांची एक सरकारी योजना नव्याने काढावी लागली.

चांगल्या हेतूने काय बिघडतं ते रुमानियात दिसलं. डिसेंबर १९८९मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि अपंग, अनाथ मुलांच्या कोंडवाड्यांची दृश्यं जगभर टीव्हीवर झळकली. देशोदेशींचे लोक मदतीला धावले. मुलांना कुणीतरी कडेवर घेई, लळा लावी आणि काही आठवड्यांत विमान पकडी. मग दुसरं कुणीतरी येई. ज्या मुलाला आधीच कुणी नव्हतं, त्याने पुन्हा पुन्हा ताटातूट सोसायची. म्हणून जबाबदार संस्था आज दोन आठवड्यांचा पाहुणा घेत नाहीत, सहा महिने किंवा वर्षभराची हमी मागतात.

दरम्यान अपंगत्वाकडे बघायची मांडणीच बदलत होती. १९६९मध्ये स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी एक साधी गोष्ट लिहून ठेवली: दिवस, आठवडा, वर्ष यांची इतरांना असते तशी लय या माणसांनाही मिळाली पाहिजे. ‘आमच्याविषयी काहीही, आमच्याशिवाय नाही’ ही घोषणा पुढे जगभर गेली, आणि डिसेंबर २००६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्यामुळे ‘सेवा’ हा शब्दच जरा अवघडला. अपंग माणसाने जेवायला नकार दिला तर तो त्याचा अधिकार आहे. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

पोलिसांच्या दाखल्याचं म्हणाल तर, लार्श या संस्थेचं उदाहरण पुरे आहे. १९६४मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात ज्याँ व्हानिए दोन अपंग पुरुषांसोबत राहू लागले, आणि त्यातून जगभर घरं उभी राहिली. लोक त्यांना संत मानत. ते २०१९मध्ये वारले. संस्थेनेच करून घेतलेल्या चौकशीतून आधी २०२०मध्ये आणि मग २०२३मध्ये बाहेर आलं की त्यांनी किमान २५ महिलांचं शोषण केलं होतं. या महिला अपंग नव्हत्या, पण ‘इतका भला माणूस असं करणार नाही’ हा युक्तिवाद त्या दिवशी कायमचा निकालात निघाला. दाखला सगळ्यांकडून मागतात तो यासाठीच.

कागद झाले की प्रशिक्षण. उचलायचं कसं, यंत्राच्या झोळीत बसवायचं कसं, फेफरं आलं तर काय करायचं, बोलता न येणाऱ्याशी खुणांनी आणि चित्रांनी कसं बोलायचं. मला यातला सर्वांत आवडणारा धडा चमच्याचा. शिकणाऱ्यांच्या जोड्या लावतात. एकाने हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, दुसऱ्याने भरवायचं. समोर बसायचं, उभं राहायचं नाही, म्हणजे खाणाऱ्याची मान वर जात नाही. गिळलेलं दिसेपर्यंत पुढचा घास नाही. दोन घासांतच खुर्चीतल्याला कळतं की समोरचा घाई करतोय, चमचा फार भरलाय, आणि तोंडात घास असताना कुणी ‘आवडलं ना?’ म्हणून विचारलं तर मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. मग जागा बदलतात.