कडी बाहेरून: कोंडून ठेवणाऱ्या ध्यासाच्या कादंबरीची पार्श्वभूमी

ध्यासापायी कोंडलेल्या बाईची गोष्ट आपल्याला नवी नाही. अशोकवनातली सीता रावणाशी बोलताना मध्ये गवताची काडी ठेवते आणि सुंदरकांडातला रावण तिला मुदतीचे उरलेले दोन महिने मोजून दाखवतो. मुदत, पहारा, एका दमात आर्जव आणि धमकी, सगळं सामान तिथेच आहे. पण रावणाच्या डोक्यात बसून ती गोष्ट सांगितलेली नाही. मानसशास्त्रीय थरारकादंबरी सुरू होते ती कोंडणाऱ्याच्या हाती लेखणी आल्यावर.

युरोपात 'क्लॅरिसा' या कादंबरीत (१७४७-४८) सॅम्युअल रिचर्डसनने कोंडलेल्या मुलीची आणि कोंडणाऱ्याची, दोघांचीही पत्रं दिली. त्याआधी, १६९७ साली, शार्ल पेरोने निळ्या दाढीवाल्या नवऱ्याची गोष्ट छापली होती: किल्ल्यांचा जुडगा बायकोच्या हाती, पण एक खोली उघडायची नाही. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकने त्यावर ऑपेरा केला, तो १९१८ साली बुडापेस्टला रंगमंचावर आला. हा ऑपेरा आणि वर्तमानपत्रातली एक बातमी, यांतून 'द कलेक्टर' (१९६३) ही कादंबरी सुचल्याचं इंग्रज लेखक जॉन फाउल्सने सांगून ठेवलं आहे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या बहुतेकांनी साचा इथून उचलला. फ्रेडरिक क्लेग हा सरकारी कचेरीतला कारकून, छंद फुलपाखरं जमवण्याचा. फुटबॉलच्या पैजेत त्याला ७३,०९१ पौंड मिळतात, तो तळघर असलेलं आडबाजूचं घर घेतो आणि मिरांडा या चित्रकलेच्या विद्यार्थिनीला क्लोरोफॉर्म देऊन तिथे आणतो. स्वतःला तो यजमान समजतो: कपडे, पुस्तकं, मागेल ते आणून देतो, फक्त दार उघडत नाही. चार आठवड्यांनी सोडायचं कबूल करतो आणि शब्द फिरवतो. कादंबरीचे भाग चार. पहिल्यात त्याची कैफियत मिरांडाच्या आजारपणापर्यंत येते. दुसऱ्यात तिची रोजनिशी आपल्याला पुन्हा सुरुवातीला नेते. शेवटचे दोन परत त्याचे, कारण रोजनिशी लिहिणारी उरलेली नसते.

नकल करणारे नेमके इथे घसरतात. तोच प्रसंग दोघांकडून वदवतात आणि दोघांचा तपशील जुळवून टाकतात. मग दुसरी बाजू निव्वळ उजळणी होते. त्याने ज्याला 'पाहुणचार' म्हटलं तेच तिच्या वहीत अपमान म्हणून यायला हवं.

दुसरी चूक निदानाची. स्टॉकहोमच्या बँकेतलं ओलीसनाट्य २३ ते २८ ऑगस्ट १९७३ चं, म्हणजे या कादंबरीनंतर दहा वर्षांचं. 'स्टॉकहोम सिंड्रोम', म्हणजे ओलिसाला कोंडणाऱ्याबद्दलच जिव्हाळा वाटू लागणं, हे नाव त्यातून आलं आणि अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ते आजही नाही. मिरांडाला तर ते लावताच येत नाही, ती शेवटपर्यंत भांडते. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबोने १९२१ साली वर्णिलेला प्रेमभ्रमही क्लेगचा नव्हे. त्या विकारात 'समोरच्याचंच माझ्यावर प्रेम आहे' अशी पक्की खात्री असते. क्लेगला ठाऊक असतं की तसं नाही. सहवासाने होईल, एवढीच त्याची आशा. ही आशा जास्त भीतिदायक.

आता हे पुण्यात आणायचं तर आधी घर बघा. वाड्यात तळघर असायचं, धान्य साठवायचं बळदही असायचं, पण चौक एक, नळ एक, संडास सामायिक. तिथे माणूस लपवणं कठीण, कारण एक घागर जास्त भरली तरी विचारणा व्हायची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे गेले. महाराष्ट्रात फ्लॅटच्या मालकीचा कायदा आला तो १९६३ साली, 'द कलेक्टर' निघालं त्याच वर्षी. योगायोगच, पण या प्रकाराला लागणारं स्वतंत्र दार आणि लॅचचं कुलूप मध्यमवर्गाला मिळालं ते फ्लॅटमुळे.

कायद्याचं गणितही दिवसांवर चालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ नुसार बेकायदा कोंडून ठेवल्यास एक वर्षापर्यंत कैद, तीन किंवा अधिक दिवस ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत, दहा किंवा अधिक दिवसांना पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंडविधानात शेवटचे दोन आकडे दोन आणि तीन होते, त्यामुळे २०१० मध्ये घडणाऱ्या कथानकातल्या वकिलाच्या तोंडी नवे आकडे घालू नयेत. गुप्तपणे कोंडण्याच्या इराद्याने पळवून नेलं असेल तर कलम १४०, सात वर्षांपर्यंत.

आणि फ्लॅटमध्येही पिशव्या मोजल्या जातातच. एकट्या पुरुषाच्या दारात रोज अर्ध्या लिटरऐवजी एक लिटर दूध, दोन माणसांची भाजी, बाथरूमच्या खिडकीला नवा काळा कागद. यातलं काहीही पाहुण्यांवर ढकलता येतं. दारावरचा कचरा उचलणाऱ्या ताईंना मात्र ओला, सुका आणि कागदात गुंडाळलेले सॅनिटरी पॅड वेगवेगळे द्यावे लागतात. ते तिसरं पुडकं त्याने सुक्यात दडपलं, तरी वर्गीकरण करताना त्यांच्याच हाताला लागणार.