अक्कल गुडघ्यात? जवळजवळ!

एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचं कौतुक करायचं नसतं. पण चिमुकल्या कोळ्यांबद्दल वाचल्यापासून मला हा वाक्प्रचार वापरवत नाही.

सिम्फायटोग्नॅथिडी हे त्यातलं एक कूळ. नावाचा अर्थ ‘जुळलेले जबडे’. मुक्काम मुख्यतः उष्ण कटिबंधात, जंगलातल्या पालापाचोळ्यात. कोलंबियातल्या पाटू दिगुआ या जातीचा नर भरतो ०.३७ मिलिमीटर, म्हणजे छापील टिंबाएवढा. तरीही या कुळातलं जाळं रीतसर चाकासारखं असतं: मधून निघालेले आरे आणि त्यांवर चिकट धाग्याचे फेरे.

मग हे गणित करणारा मेंदू बसतो कुठे? खरी गंमत इथे आहे. चेतापेशी हवी तेवढी बारीक करता येत नाही. तिच्या केंद्रकात अख्खा डीएनए मावायला हवा. शिवाय संदेश नेणारा तिचा तंतू साधारण ०.१ मायक्रोमीटरहून बारीक झाला, तर त्याच्या पटलातली एखादी आयन-वाहिनी (विद्युतभारित कणांना आत-बाहेर सोडणारं दार) चुकून उघडली तरी खोटा संदेश सुटतो. कोणी बटण न दाबताच दारावरची घंटा वाजावी, तसं. म्हणून देह जितका लहान, तितका त्यात मेंदूचा वाटा मोठा. यालाच हॅलरचा नियम म्हणतात.

पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेचे विल्यम एबरहार्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली नऊ जातींचे कोळी तपासले. सगळ्यात चिमुकल्या कोळ्यांमध्ये मेंदूने शिरोवक्षाची, म्हणजे डोकं आणि छाती मिळून झालेल्या भागाची, जवळपास ८० टक्के पोकळी व्यापली होती. तिथेही जागा पुरेना, तेव्हा तो पायांच्या बुडात शिरला होता. गुडघ्यापर्यंत नाही, पण वाटेवर! काही पिल्लांची तर छाती खालून फुगलेली, आणि त्या फुगवट्यातही मेंदूच.

(‘माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो’ ही लोणकढी थाप अजून ऐकू येते. मेंदू पोसणं फार महाग असतं. ९० टक्के रिकामा ठेवण्याची चैन उत्क्रांतीत परवडत नाही.)

एबरहार्ड यांनी त्याआधी जाळ्यांतल्या फेऱ्यांमधली अंतरंही मोजली होती. सगळ्यात चिमुकले विणकरही मोठ्यांपेक्षा जास्त चुकत नव्हते. आणि पिल्लाच्या छातीवरचा तो फुगवटा? त्याच जातीच्या प्रौढ कोळ्यात तो दिसत नाही.