अंधेरी वेस्ट की अंधेरी व्हेस्ट?

परवा भाचीने फोनवर इंटरव्ह्यू दिला. पत्ता सांगताना 'अंधेरी वेस्ट' म्हणाली, पण वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. पलीकडचे साहेब क्षणभर गप्प. ब्रिटिश इंग्रजीत व्हेस्ट म्हणजे बनियन! "मामा, मी व नीटच म्हटला होता," ती म्हणाली. नीटच म्हटला होता, पण मराठीतला.

आपल्याकडे व एकच. इंग्रजीत त्याच जागी दोन निराळे आवाज आहेत, व्हीचा आणि डब्ल्यूचा. मुंबईकराला तर हे उमगणं आणखी कठीण. वडाळा डब्ल्यूने, वसई व्हीने. वरळी डब्ल्यूने, विक्रोळी व्हीने. तोंडातला व तोच, पाटीवर अक्षरं दोन. वांद्र्याच्या नशिबी तर बी आला. मग आपली समजूत होते की हा फक्त स्पेलिंगचा प्रश्न आहे.

व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलके लागतात आणि मधून हवा घासत बाहेर पडते. तो आवाज तीन सेकंद ताणून बघा. मोबाइल व्हायब्रेटवर असल्यासारख्या ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यूत दातांचं काही काम नाही. ओठ 'ऊ' म्हणताना होतात तसे गोल करायचे आणि तिथून झटकन पुढच्या स्वरावर जायचं: ऊ-एस्ट, ऊएस्ट, वेस्ट. आपला व या दोघांच्या मधोमध पडतो. दात ओठाजवळ येतात, पण घासत नाहीत आणि ओठही गोल होत नाहीत. म्हणून इंग्रज माणसाला आपल्या तोंडून नेमकं नको ते अक्षर ऐकू येतं.

यावर कोणी म्हणेल, मराठीत आपण 'व्ह' लिहितोच की! मला तर तोच खरा चकवा वाटतो. व्हिडिओ, व्हॅन यांत व्ह म्हणजे व्ही, हे ठीक. पण व्हीलचेअर, व्हिस्की, व्हॉट्सअ‍ॅप? हे सगळे डब्ल्यूचे शब्द, तिथे दात लावायचे नाहीत. स्कॉटलंडमध्ये अशा शब्दांत आधी हवेचा फुंकारा ऐकू येतो, पण लंडनकडे बहुतेक लोक साधा डब्ल्यूच म्हणतात. शिवाय 'व्हा', 'जिव्हाळा' यांतल्या व्हमध्ये ह आहे. इंग्रजी व्हीत ह नाही, नुसती घासाघीस आहे. त्यामुळे व्हॅनमध्ये ह जोरात फुंकला तरी व्ही काही होत नाही.

सरावाला आरसा हवाच असं नाही, फोनचा सेल्फी कॅमेरा पुरतो. व्हाइन-वाइन, व्हेट-वेट अशा जोड्या म्हणायच्या आणि दात कधी दिसतात ते बघायचं. आवाज रेकॉर्ड करून लगेच ऐकलात तर आणखी बरं. लोकलमध्ये करू नका, समोरच्या बाकावरचे घाबरतात. भाचीला सध्या मी दोनच शब्द दिलेत: 'व्हेरी वेल'. पहिल्याला दात, दुसऱ्याला गोल ओठ. काल रात्रीपर्यंत दहातले सहा बरोबर येत होते.