जुन्या वॉकमन-आयपॉडची देखभाल

कॅसेटचे वॉकमन, सीडी प्लेअर, मिनिडिस्क, आयपॉड आणि त्याच पिढीचे एमपी३ प्लेअर यांचे झिजलेले भाग बदलून, आणि गरज पडली तर आतली आज्ञावलीही (सॉफ्टवेअर) बदलून, ती रोजच्या ऐकण्यात ठेवण्याची प्रथा. या यंत्रांचे उत्पादन थांबले, पाठोपाठ कंपन्यांकडून मिळणारे सुटे भागही थांबले. त्यामुळे हे काम आज हौशी लोक, लहान दुरुस्ती-कारागीर आणि मोजके सुटे भाग बनवणारे छोटे उत्पादक यांच्या हाती आहे.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये टीपीएस-एल२ हा पहिला वॉकमन विक्रीस ठेवला. पुढे सोनीचाच डी-५० हा खिशाच्या जवळपास जाणारा सीडी प्लेअर १९८४ मध्ये, तर मिनिडिस्क ही कवचातली छोटी, पुन्हा भरता येणारी तबकडी १९९२ मध्ये आली. अॅपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड जाहीर केला. त्यात ५ जीबीची हार्ड डिस्क होती आणि ‘खिशात हजार गाणी’ ही त्याची जाहिरात होती. मग एकेक दार बंद होत गेले. जपानमधील कॅसेट वॉकमनचे उत्पादन २०१० मध्ये थांबले, आयपॉड क्लासिक सप्टेंबर २०१४ मध्ये बाजारातून काढला गेला, शेवटचा आयपॉड टच मे २०२२ मध्ये बंद झाला आणि कोऱ्या मिनिडिस्कचे सोनीकडील उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये संपले.

अशी यंत्रे निकामी होतात तेव्हा सहसा त्यांतला एखाद-दुसरा नाशवंत भागच गेलेला असतो. रबर, बॅटरी, फिरती हार्ड डिस्क आणि काही काळातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे ते भाग. आवाज घडवणारी चिप, अॅम्प्लिफायर, मोटर, बटणे हे सारे बहुधा शाबूत असते. म्हणून ‘जुने झाले, गेले’ हा निकाल घाईचा ठरतो. काय गेले आहे ते आधी ओळखावे. पुष्कळदा शंभर-दोनशे रुपयांच्या बेल्टवर काम भागते.

रबर, कॅसेट आणि वेग

वॉकमनमधली मोटर एका बारीक बेल्टने जड चाक फिरवते. त्या चाकाची सळई म्हणजे कॅपस्टन. कॅपस्टन आणि रबरी पिंच रोलर यांच्या चिमटीतून टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने सरकते. बेल्ट सैल पडला की गाणे डुलते, फार सैल पडला की चाके थांबतात. काही बेल्ट नुसते ताणले जातात, काही कडक होऊन तुटतात आणि काहींचा दमट हवेत अक्षरशः डांबरासारखा काळा चिकटा होतो. झाकण काढले की हा चिकटा पुलीच्या खाचेत, चाकाच्या कडेला आणि कधी सर्किट बोर्डावरही पसरलेला दिसतो. तो बोटाला लागला तर साबणाने निघत नाही. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाच पुन्हा पुन्हा पुसावी लागते. काडी पांढरी निघेपर्यंत नवा बेल्ट घालू नये, कारण उरलेला कण पुलीला उंचवटा देतो आणि गाणे प्रत्येक फेऱ्याला झोका खाते. नवा बेल्ट मार्गाच्या लांबीपेक्षा किंचित लहान घ्यायचा. फार घट्ट बेल्ट मोटरच्या बेअरिंगवर ताण आणतो.

त्यानंतर वेग लावणे. याची रीत म्हणजे ३००० हर्ट्झचा स्वर भरलेली चाचणी कॅसेट लावून, वाजणारा स्वर मोबाइलवरच्या फ्रीक्वेन्सी मोजणाऱ्या अॅपवर पाहत बोर्डावरचा किंवा मोटरमधला बारीक स्क्रू फिरवणे. चाचणी कॅसेट नसेल तर गाणाऱ्या माणसाचा कान उपयोगी पडतो. वेग सुमारे ६ टक्क्यांनी उतरला की स्वर बरोबर एका अर्धस्वराने खाली येतो: काळी एकमध्ये गायलेले भजन पांढरी एकमध्ये ऐकू येते. पेटी जवळ असेल तर ही चूक लगेच सापडते. मात्र मूळ गायन कोणत्या पट्टीत होते ते माहीत असायला हवे.

टेपवरचा आवाज वाचणारे हेड, कॅपस्टन आणि पिंच रोलर यांवर तपकिरी थर साचतो. तो पुसला की घोगरा, दबलेला आवाज बरेचदा मोकळा होतो. रोलरचे रबर कडक आणि चकचकीत झाले असेल तर टेप तिरकी ओढली जाते आणि शेवटी यंत्र टेप खाते. सोनी वॉकमनच्या १९८२ पासूनच्या डब्ल्यूएम-डीडी मालिकेत आणखी एक ठरलेला आजार आहे. तिच्यातले मधले प्लास्टिकचे दातेरी चाक वर्षांनी चिरते आणि वाजवताना नियमित टक्-टक् ऐकू येते. त्याची बदली चाके आता छोटे उत्पादक नव्याने घडवतात.

खुद्द कॅसेटकडेही पाहावे लागते, आणि आपल्या हवेत तर आधी तिच्याकडेच. कोकणपट्टीतल्या, मुंबईतल्या किंवा गोव्यातल्या घरात पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढुरकी बुरशी दिसते. अशी कॅसेट चांगल्या वॉकमनमध्ये कधीही घालू नये. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. बुरशी साफ करण्याचे काम नाक-तोंड झाकून करावे. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून रीळ स्वच्छ कवचात बदलता येते. टेपला हेडवर दाबणारी छोटी मऊ गादी गळून पडली असेल तर तीही याच वेळी चिकटवावी. साफ झालेल्या कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, उभ्या ठेवाव्यात.

बॅटरी

सेल घालून विसरलेला वॉकमन ही नेहमीची गोष्ट. अल्कलाइन सेल पाझरला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन पत्र्यांवर पांढरा-निळसर खार जमतो. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब लावून तो उदासीन करायचा, मग अल्कोहोलने पुसून वाळवायचे. अॅडॉप्टर लावताना पिनेच्या आतला ध्रुव धन आहे की ऋण ते यंत्रावरच्या खुणेशी ताडून पाहावे. दोन्ही तऱ्हा प्रचारात होत्या आणि उलट जोडणीने बोर्ड जळतो.

लिथियम-आयन बॅटरीचे वेगळे. ती वापरली नाही तरी म्हातारी होते आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर लवकर मरते. कपाटात ठेवायची तर साधारण अर्धी भरलेली ठेवावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. या एका बाबतीत काटकसर करू नये असे स्पष्ट सांगायला हवे: नाव-गाव नसलेली स्वस्त बदली बॅटरी घेण्यापेक्षा यंत्र काही महिने बंद पडलेले बरे.

आयपॉडची हार्ड डिस्क

आयपॉड क्लासिक आणि त्याआधीच्या मोठ्या आयपॉडमध्ये १.८ इंचांची फिरती हार्ड डिस्क असते. यंत्र एका वेळी बरीच गाणी मेमरीत उचलून डिस्क थांबवते, त्यामुळे ती सतत फिरत नाही. तरी धक्के आणि वय तिला गाठतातच. आतून कट्-कट् आवाज येतो, गाणी मधूनच पुढे उडी मारतात, किंवा पडद्यावर दुःखी चेहऱ्याचा आयपॉड उमटतो. उपाय म्हणून डिस्क काढून तिच्या जागी एसडी कार्ड बसवणारा छोटा बोर्ड जोडतात. ‘आयफ्लॅश’ हे त्यातले सर्वांत परिचित नाव.

या दुरुस्तीसाठी २००५ आणि २००६ सालचा पाचव्या पिढीचा, व्हिडिओवाला आयपॉड सर्वांत सोयीचा. त्याचा पुढचा भाग प्लास्टिकचा आणि मागचा स्टीलचा, दोन्ही कडेच्या खाचांनी एकमेकांत अडकलेले. गिटार छेडायची पातळ प्लास्टिकची पट्टी (पिक) कडेने सरकवत एकेक खाच सोडवायची. झाकण सुटले म्हणून ते ओढून काढायचा मोह होतो. नेमके तिथेच यंत्रे मरतात. मागच्या झाकणाला दोन चपट्या रिबन असतात. एक बॅटरीची, दुसरी इयरफोन आणि होल्ड बटणाची. झाकण पुस्तकासारखे अलगद उघडून आधी बॅटरीच्या जोडाची बारीक कडी नखाने वर करायची, रिबन मोकळी करायची, मगच दुसऱ्या रिबनकडे वळायचे. निळ्या रबरी टेकूंत बसलेली डिस्क उचलली की तिच्याखालचा जोड दिसतो; त्याची पट्टी उघडून रिबन नव्या बोर्डात सरळ बसवायची. ती केसभर तिरकी बसली तरी आयपॉड कार्ड ओळखत नाही. २००७ नंतरच्या क्लासिकचा पुढचा भाग धातूचा झाला आणि कडा इतक्या घट्ट बसवल्या गेल्या की उघडताना पत्रा वाकतोच. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

कार्ड निवडतानाही मर्यादा आहेत. २००७ आणि २००८ च्या क्लासिकची मूळ आज्ञावली अशा कार्डावर साधारण १२८ जीबीपलीकडे जात नाही. २००९ च्या मॉडेलला ही अडचण नाही. पाचव्या पिढीत अडचण मेमरीची. ३० जीबीच्या मॉडेलमध्ये ३२ एमबी आणि ६० व ८० जीबीच्या मॉडेलमध्ये ६४ एमबी मेमरी असून गाण्यांची सारी यादी तिच्यात मावावी लागते. कार्डावर जागा आहे म्हणून गाणी ठासून भरली तर यंत्र पुन्हा पुन्हा स्वतःच सुरू होत राहते. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डे फार आहेत. बसवण्यापूर्वी कार्ड पूर्ण लिहून आणि पुन्हा वाचून तपासावे. मोबदला मात्र भरघोस मिळतो. कार्डाला वीज कमी लागते, धक्क्याची भीती उरत नाही आणि डिस्कच्या रिकाम्या जागेत मोठी बॅटरी मावते.

संगणकाशी जोडणी

सुटे भाग मिळतात, पण यंत्राशी बोलणारा संगणक मिळत नाही, हा या क्षेत्रातला खरा पेच. आयपॉडवर चढवलेली गाणी साध्या फाइलींसारखी दिसत नाहीत. एफ००, एफ०१ अशा फोल्डरांत चार अक्षरी निरर्थक नावांनी ती विखुरलेली असतात आणि कोणते गाणे कुठे आहे ते वेगळ्या डेटाबेसमध्ये नोंदलेले असते. नुसती फाइल टाकून गाणे वाजत नाही ते यामुळेच. अॅपलने २०१९ मध्ये मॅकवरून आयट्यून्स काढले, तरी आयपॉड जोडण्याची सोय मॅकच्या फाइंडर या फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवली. विंडोजवर आयट्यून्स चालते आणि लिनक्सवर रिदमबॉक्ससारखे प्रोग्रॅम तो डेटाबेस लिहू शकतात.

इतरांचे नशीब इतके चांगले नव्हते. सोनीच्या सुरुवातीच्या डिजिटल वॉकमनना लागणारे सॉनिकस्टेज हे सॉफ्टवेअर नव्या संगणकांवर सहजी चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या झून या प्लेअरची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०१५ मध्ये बंद झाली. त्याच झूनच्या ३० जीबी मॉडेलने ३१ डिसेंबर २००८ रोजी जगभर एकाच वेळी मान टाकली होती. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस त्याच्या घड्याळाच्या आज्ञावलीत नीट हाताळला नव्हता. दुसऱ्या दिवशी तारीख बदलल्यावर ती यंत्रे पुन्हा सुरू झाली. एकही भाग न झिजता, फक्त आज्ञावलीमुळे यंत्र कसे अडते याचा हा धडधडीत दाखला आहे.

यावरचे सर्वांत समर्थ उत्तर म्हणजे रॉकबॉक्स ही पर्यायी आज्ञावली. आर्कोस कंपनीच्या प्लेअरची मूळ आज्ञावली अपुरी वाटल्याने ब्यॉर्न स्टेनबर्ग आणि इतर स्वीडिश प्रोग्रॅमरांनी २००१ च्या अखेरीस हे काम सुरू केले. पुढे ते आयपॉडसह अनेक यंत्रांवर नेले गेले. रॉकबॉक्स घातलेला आयपॉड साध्या पेन ड्राइव्हसारखा वागतो: फोल्डर करा, फाइली टाका, ऐका. मूळ आयपॉडला न चालणारे फ्लॅक आणि ऑग व्हॉर्बिस हे फाइलींचे प्रकारही त्यावर चालतात. मेनू बोलून दाखवण्याची सोय असल्याने दृष्टिहीन श्रोत्यांना त्याचा मोठा आधार झाला. मूळ कंपन्यांनी ज्यांचा विचारही केला नव्हता त्यांच्यापर्यंत हे यंत्र पोहोचले. मिनिडिस्कच्या बाबतीतही हौशी प्रोग्रॅमरांनी ब्राउझरमधूनच यूएसबीवर गाणी चढवण्याची सोय करून दिली आहे.

बाजार आणि कायदा

महाराष्ट्रात सुटे भाग आणि जाणकार हात शोधणारा माणूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात जातो. बेल्ट, कपॅसिटर, सोल्डरचे सामान तिथे मिळते. नेमक्या मॉडेलचा भाग मात्र बहुधा परदेशातून मागवावा लागतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. त्याचा उपयोग चालू उत्पादनांना आहे. बंद झालेल्या यंत्राचे सर्किट-आराखडे उघडे करायला कोणतीही कंपनी अजून बांधील नाही, आणि या प्रथेला सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे.

कॅसेटमधला आवाज वाचवणे

नवे कॅसेट प्लेअर आज पुन्हा मिळू लागले आहेत, पण बहुतेकांत तीच स्वस्त, साधी यंत्रणा असते आणि टेपची खरखर कमी करणारी डॉल्बी बी सोय नसते. घरगुती बारशात, कीर्तनात, गणेशोत्सवाच्या मांडवात भरलेल्या कॅसेटची दुसरी प्रत जगात नाही. त्या वाजवायला नीट दुरुस्त केलेले जुने यंत्रच हवे. अशी कॅसेट आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुढे आणि मागे फिरवून रीळ मोकळे करावे. मग लाइन-आउट, ते नसेल तर इयरफोनची जागा, संगणकाला जोडून ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये, फाइल कॉम्प्रेस न करता, वॅव्ह स्वरूपात भरावे. खरखर काढण्याची घाई नको; कच्ची प्रत तशीच जपावी आणि सफाई तिच्या नकलेवर करावी. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा अझिमथचा, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन बदलणारा, स्क्रू अगदी किंचित फिरवून ‘स’, ‘च’, टाळ आणि चिपळ्या सर्वांत स्पष्ट ऐकू येतील तिथे थांबवावा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असल्याने हे दर वेळी नव्याने करावे लागते. त्यासाठी मूळ जागेची खूण स्क्रूवर आधीच रंगाच्या थेंबाने करून ठेवावी.