किलोमीटरमागे कर: पेट्रोल पंपापासून सॅटेलाइटपर्यंत

बाबा वडोदऱ्यात दांडिया बाजारातून गाडी काढून सुरतेला निघाले की थोड्या वेळात माझा मोबाइल वाजतो, फास्टॅग माझ्या नंबरावर आहे ना, म्हणून करजणच्या टोलनाक्याचं नाव, वेळ, किती पैसे कापले सगळं मेसेजमध्ये येतं आणि आई म्हणते चला, करजण ओलांडलं. घरातल्या घरात ठीक आहे, पण उद्या किलोमीटरमागे कर आला, त्यासाठी अशी नोंद दर किलोमीटरची व्हायला लागली आणि कोणाकडे तरी साठत राहिली तर? मला याची खरंच काळजी वाटते.

तसं बघितलं तर जितकं चालवाल तितके पैसे हे आपण कधीपासून देतोय. 1927 साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली, तिने सांगितलं की रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर घ्या, मग 1929 ला गॅलनमागे 2 आणे वाढले आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. जास्त फिरणारा जास्त भरणार, जड गाडीवाला त्याहून जास्त, आणि कुठे फिरलात हे पंपावर कोणी विचारत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हे गणित मोडलं, त्या पेट्रोल घेतच नाहीत. अमेरिकेत ओरेगॉनने 1919 ला सगळ्यात आधी पेट्रोलवर कर लावला आणि 2015 ला मैलामागे दीड सेंटची ऐच्छिक योजनाही त्यांनीच काढली, पण जीपीएस नको म्हणणाऱ्यांसाठी वेगळा पर्याय ठेवावा लागला. न्यूझीलंडमध्ये 1978 पासून डिझेलवाले 1000-1000 किलोमीटर आगाऊ विकत घेतात, काचेवर लेबल लावतात, मीटर त्या आकड्याच्या पुढे गेला की दंड, एवढंच! एप्रिल 2024 पासून इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या.

आपल्याकडे सप्टेंबर 2024 ला सॅटेलाइट टोलचे, म्हणजे गाडी किती चालली हे सॅटेलाइटने मोजून पैसे कापायचे नियम आले, राष्ट्रीय महामार्गावर रोज 20 किलोमीटर फ्री वगैरे, मग एप्रिल 2025 ला मंत्रालयाने खुलासा केला की 1 मेपासून देशभर लागू करायचा निर्णय झालेला नाही. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने 2017 लाच सांगितलंय.

दर सगळ्यांना सारखा ठेवला तर पादऱ्याहून रोज कामाला येणारा छोट्या गाडीवाला आणि अलकापुरीतला मोठ्या एसयूव्हीवाला किलोमीटरमागे सारखेच पैसे भरणार, हे मला पटत नाही. वजनाप्रमाणे दर लावा आणि मीटरचा आकडा वर्षातून एकदा इन्शुरन्स रिन्यू करताना बघा, त्याला सॅटेलाइट कशाला पाहिजे?